करणार काय तुम्ही त्याच्यावर?

गेल्या आठवड्यात आमच्या कॉलेजच्या स्टाफरूममध्ये अर्थशास्त्राच्या सरांनी जाहीर केलं की ते घरी स्वतः कॉम्प्युटर जोडणार आहेत. जाहीर केलं म्हणजे सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या आवाजात मोबाईलवर एकामागून एक सात-आठ व्हिडिओ पाहिले. मग मान वर करून म्हणाले, "सोळा कोअरचा प्रोसेसर घेतोय. बजेटमध्ये बसतो."

"कशासाठी?" मी विचारलं.

"पुढची दहा वर्षं बघायला नको."

सर सध्या कॉम्प्युटरवर वर्षातून दोनदा मार्कांची बेरीज करतात आणि तीही नंतर कागदावर पडताळून बघतात. मला परब आठवले. आठवले म्हणजे आधी हसू आलं, आणि मग ते हसू हळूहळू कमी झालं.

दिगंबर परब आमच्या मुलुंडच्या कॉलेजात कॉम्प्युटर लॅबचे असिस्टंट होते. असिस्ट कुणाला करायचं हे कॉलेजने वीस वर्षांत ठरवलं नव्हतं, कारण लॅबला प्रमुख असा कुणी नव्हताच. त्यामुळे प्रमुखाचं काम परब करायचे आणि पगार असिस्टंटचा घ्यायचे. कॉलेजला ही व्यवस्था अतिशय आवडायची. माणूस काटकुळा, शर्टाची बाही कोपरापर्यंत दुमडलेली, खिशात पेनाच्या जागी स्क्रू ड्रायव्हर. दुसऱ्या खिशात रंगकामाचा एक मऊ ब्रश. कॉम्प्युटरच्या पंख्यांवरची धूळ ते या ब्रशने झटकायचे, आणि स्टाफरूममध्ये कुणी फार वेळ बोलत राहिलं की तोच ब्रश काढून समोरचं टेबल झाडायला लागायचे. बोलणाऱ्याला कळायचं. न कळणारे पुढे उपप्राचार्य झाले.

वडील लालबागच्या गिरणीत होते, गाव कणकवलीकडचं, घर भांडुपला. बोलणं मुंबईचंच, पण चिडले की मालवणी वर यायची. आणि चिडायचे ते भलत्याच गोष्टींवर. कुणी कॅबिनेटला, म्हणजे त्या उभ्या पेटीला, 'सीपीयू' म्हटलं की संपलं.

"तो डबा आहे. सीपीयू आत असतो, बिस्किटाएवढा. तुम्ही घराला नवरा म्हणता काय?"

प्रोसेसर म्हणजे कॉम्प्युटरचा मेंदू, असं पाठ्यपुस्तकात लिहिलेलं असतं. परबांना हे वाक्यही सहन होत नसे. "मेंदू कसला? मेंदू असता तर तुमची कामं बघून राजीनामा देऊन गेला असता. दगड आहे तो. बेरजा करणारा दगड. म्हणून टिकतो."

अशा या माणसाकडे सगळं कॉलेज सल्ल्याला जायचं. प्राध्यापक, शिपाई, मुलांचे पालक, कॅन्टीनवाला. घरी कॉम्प्युटर जोडायचा आहे, पैसे बेताचे आहेत, प्रोसेसर कोणता घेऊ? लोकांना साधारण एवढंच ठाऊक असायचं की प्रोसेसरच्या नावात तीन, पाच, सात, नऊ असे आकडे असतात आणि मोठा आकडा म्हणजे भारी माल. सगळे आल्या आल्या 'सात नंबर' म्हणायचे. घासाघीस करायला जागा राहावी म्हणून काही जण 'नऊ' म्हणायचे. परब शांतपणे ऐकून घ्यायचे आणि विचारायचे, "करणार काय तुम्ही त्याच्यावर?"

हा प्रश्न ऐकून मी भलीभली माणसं खोटं बोलताना पाहिली आहेत. एका पालकांनी मुलगा शास्त्रज्ञ होणार असल्याचं सांगितलं. मुलगा शेजारी उभा होता, तो दचकला. उपप्राचार्य म्हणाले, "डेटा." बस, एवढंच म्हणाले. परबांनी खिशातला ब्रश काढला.

खरं कुणी सांगत नाही म्हटल्यावर परबांनी एक नियम केला. आठ दिवस वही लिहायची. आता जो कॉम्प्युटर आहे त्याच्यावर, नसला तर मोबाईलवर, रोज काय काय आणि किती वेळ केलं ते प्रामाणिकपणे लिहून आणायचं. वही बघितल्याशिवाय ते तोंडातून प्रोसेसरचं नाव काढत नसत. अर्धे लोक तिथेच गळायचे. दुकानात जाऊन फसवून घेणं त्यामानाने फार सोपं असतं.

मीही त्या रांगेत उभी राहिले. ऑनलाइन वर्गांचे दिवस संपता संपता माझ्या लॅपटॉपने मान टाकली होती. मी मराठी शिकवते, त्यामुळे साहजिकच माझी कादंबरी अर्धवट होती. मी परबांना म्हटलं, "मला कादंबरी लिहायचीय. सात नंबर घ्यावा म्हणते."

"मॅडम, कादंबरीला किती कोअर लागतात?"

कोअर म्हणजे एकाच प्रोसेसरमध्ये एकाच वेळी काम करणारे विभाग. मला ते तेव्हा ठाऊक नव्हतं. मी म्हटलं, "आठ तरी."

"वही आणा."

मी प्रामाणिकपणे लिहिलं. आता वाटतं, थोडं कमी प्रामाणिक असते तरी चाललं असतं. आठ दिवसांनी परबांनी वही डॉक्टर रिपोर्ट बघतात तशी चेहऱ्यावरची रेष न हलवता वाचली. कादंबरी, एकूण अकरा मिनिटं. पत्त्यांचा खेळ, सोमवारीच एक तास चाळीस मिनिटं. मोदकाच्या कळ्या कशा पाडाव्यात, तीन दिवस. शाळेतल्या एका जुन्या मैत्रिणीच्या मुलीच्या लग्नाचे फोटो, दोनदा.

परबांनी वही मिटली. "पत्त्यांना तीन नंबर पुष्कळ झाला. कादंबरीसाठीचा प्रोसेसर अजून बाजारात आलेला नाही."

ते एका रविवारी सकाळी माझ्या घाटकोपरच्या घरी सामान घेऊन आले. तीन नंबरचाच प्रोसेसर, चित्र दाखवायची सोय त्याच्या पोटातच, वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही. वाचलेले पैसे त्यांनी चांगल्या डिस्कमध्ये आणि वीजपुरवठ्याच्या पेटीत घातले होते. "दगडावर खर्च करू नका, विजेवर करा. मुंबईत प्रोसेसर मरत नाही, सोसायटीचा मीटर मारतो त्याला."

मग त्यांनी प्रोसेसर काढला. एरवी तोंडाचा पट्टा चालू असणारा हा माणूस तेव्हा एकदम गप्प झाला. चिमटीत दोन कडांना धरून त्यांनी तो खाचेवर नेला, कोपऱ्यातली खूण जुळवली आणि नुसता ठेवला.

"दाबायचं नाही काय?" मी विचारलं.

"नाय. ठेवायचा. बरोबर ठेवला की आपला आपण बसतो. दाबलात की पिना वाकल्या. मग वाट लागली."

कॉम्प्युटर आजतागायत उत्तम चालतो. कादंबरी एकोणिसाव्या पानावर आहे. आता दोष यंत्राला देता येत नाही, ही परबांनी माझी केलेली सगळ्यात मोठी अडचण.

कॉलेजची अडचण त्यांनी याहून मोठी केली. आमच्या संस्थेने लॅबसाठी तीस नवे कॉम्प्युटर घ्यायचं ठरवलं. पुरवठा करणारा गृहस्थ संस्थेच्या अध्यक्षांच्या साडूचा मुलगा होता, हा निव्वळ योगायोग असल्याचं अध्यक्षांनी कुणी न विचारता तीनदा सांगितलं. माल आला. काळे चकचकीत डबे, रंगीत दिवे लागणारे कीबोर्ड. नारळ फुटला, पेढे वाटले, फोटो निघाले. राहिली होती फक्त माल मिळाल्याच्या कागदावर परबांची सही.

परब म्हणाले, "उघडून बघतो आणि मग करतो."

साडूचा मुलगा हसून म्हणाला, "अहो, स्क्रीनवर सगळं लिहून येतंय ना. पाच नंबरचाच प्रोसेसर आहे."

"स्क्रीनवर काय, मी तुझं नाव पंतप्रधान म्हणून पण लिहून देतो," परब म्हणाले, आणि त्यांनी स्क्रू ड्रायव्हर काढला.

पुढचे तीन दिवस त्यांनी एकेक डबा उघडला. आतला पंखा काढायचा, त्याखालची पांढरी पेस्ट पुसायची आणि प्रोसेसरच्या पत्र्यावर कोरलेला बारीक आकडा भिंगातून वाचायचा. ते आकडे सांगायचे आणि मी माझ्या मोकळ्या तासांना शेजारी बसून लिहून घ्यायचे. मला त्यातलं काही कळत नव्हतं, पण दहाव्या डब्यानंतर परबांचा आवाज खाली गेला एवढं कळलं. नंबर पाचच होता. पण कागदावर नव्या पिढीचा लिहिला होता आणि आत निघाला तो दहा वर्षांपूर्वीचा, कुठल्या तरी ऑफिसातून भंगारात निघालेला. तीसच्या तीस.

प्राचार्यांनी परबांना केबिनमध्ये बोलावलं. आकडे मी लिहिले होते म्हणून मलाही. प्राचार्य समजूतदार माणूस. कुठलंही प्रकरण असो, ते आधी दार लावून घ्यायचे.

"परब, हे बघा, कागदावर पाच नंबर आहे. आत पाच नंबर आहे. नाव तर तेच आहे ना?"

"सर, माझ्या आजाचं नावपण दिगंबरच होतं," परब म्हणाले. "उद्यापासून त्याला पाठवतो कामावर. चालेल?"

प्राचार्यांना आजोबा हयात नाहीत हे कळायला थोडा वेळ लागला. मग ते म्हणाले, "तुम्हाला अजून चार वर्षं नोकरी आहे."

"हो. आणि मशीनला पण दहा वर्षं चालायचंय."

त्यांनी सही केली नाही. एक पानी अहवाल लिहिला, तीस आकडे जोडले आणि आवक क्रमांक घालून दिला. अशा कागदाचं काय करायचं हे कुणालाच कळेना. फाडता येईना, कारण आवक क्रमांक पडलेला. दोन महिन्यांनी एका रविवारी गुपचूप टेम्पो आला, जुने डबे गेले आणि खऱ्या प्रोसेसरचे नवे आले. त्या वर्षीच्या संस्थेच्या अहवालात 'व्यवस्थापनाच्या दक्षतेमुळे' लॅब अद्ययावत झाल्याचं छापून आलं. अध्यक्षांचा फोटो होता. दक्ष दिसत होते.

आणि परबांना 'प्रशासकीय सोयीसाठी' तळमजल्यावरच्या झेरॉक्स खोलीत पाठवलं. जिन्याखालची खोली, उभं राहिलं की पंखा डोक्याला लागेल अशी. लॅबच्या किल्ल्या शिंदे नावाच्या एका अतिशय नम्र तरुणाकडे गेल्या. परब ब्रश आणि स्क्रू ड्रायव्हर घेऊन खाली आले. तिथेही त्यांनी मुलांना छळायला सुरुवात केली. "वाचणार आहेस काय हे, की नुसता घरात कागद जमवतोस?" त्या वर्षी झेरॉक्स कमी निघाल्या, असं ऑफिसात बोललं गेलं. त्याबद्दलही त्यांना विचारणा झाली.

लोक मात्र प्रोसेसर विचारायला जिन्याखाली येतच राहिले. वही, आठ दिवस, तीन नंबर. लॅब गेली तरी दवाखाना चालू होता. परब मला म्हणाले होते, "मॅडम, माझा सल्ला आजपर्यंत चुकलेला नाही." हे वाक्य त्यांनी म्हणायला नको होतं असं मी आज म्हणू शकते. तेव्हा मलाही ते पटलं होतं.

परबांना एक मुलगी, तन्वी. मी त्यांच्या भांडुपच्या घरी दोन-तीनदा गेले होते. वहिनी घावन्यांच्या ऑर्डर घ्यायच्या. स्वयंपाकघरात तवा तापलेला असायचा आणि बाहेरच्या खोलीच्या कोपऱ्यात तन्वी चित्रं काढत बसलेली असायची. तिला ॲनिमेशन शिकायचं होतं. बारावीनंतर तिने बाबांकडे कॉम्प्युटर मागितला. वहिनींनी मला हसत हसत सांगितलं, "स्वतःच्या मुलीलासुद्धा वही लिहायला लावली ह्यांनी. मी म्हटलं, अहो, ती काय गिऱ्हाईक आहे?"

तन्वी बापासारखीच. तिनेही खरं खरं लिहिलं. कागदावर चित्रं, रोज चार तास. मोबाईलवर शिकवणीचे व्हिडिओ, एक तास. फुकटचं सॉफ्टवेअर मैत्रिणीकडे जाऊन, आठवड्यातून दोनदा. परबांनी वही वाचली आणि त्यातल्या कामाला पुरेल असा चार कोअरचा प्रोसेसर आणला. ग्राफिक्स कार्ड नाही. तन्वी म्हणाली, "बाबा, थोडा मोठा घेऊया ना." परब म्हणाले, "तुझी वही सांगतेय, पुरेल."

एका मोठ्या डिझाइन संस्थेच्या प्रवेशासाठी तिला स्वतःची एक छोटी फिल्म पाठवायची होती. तिने चाळीस सेकंदांची केली. भांडुपच्या टेकडीवर एक बाई पाण्याचा कॅन डोक्यावर घेऊन पायऱ्या चढतेय, वर पोचता पोचता कॅन निसटतो आणि गडगडत खाली जातो, आणि अख्खी वस्ती त्याच्यामागे धावते. मी तिची कागदावरची चित्रं पाहिली होती. त्या बाईच्या मानेला जो किंचित बाक होता, तो बघितल्याशिवाय कुणाला काढता येणार नाही.

पण अशा फिल्मला शेवटी कॉम्प्युटरने एकेक चित्र पूर्ण रंगवून काढावं लागतं. सेकंदाला चोवीस, म्हणजे चाळीस सेकंदांना नऊशे साठ. ते सगळं काम प्रोसेसरचं. तन्वीचा चार कोअरचा दगड एका चित्राला पाच-सहा मिनिटं घेत होता. रंग बदलून बघायचा तर पाच मिनिटं, सावली सरकवायची तर पाच मिनिटं. असे तिचे आठवडे गेले. शेवटच्या दिवशी सकाळी मी प्रश्नपत्रिकेच्या प्रती काढायला जिन्याखाली गेले तर परब झेरॉक्स मशीनचं झाकण उघडून नुसते उभे होते.

"काय झालं?"

"साडेपाचशे झालीत," ते म्हणाले. "पाच वाजता फिल्म घ्यायचं बंद होणार. दुपारपर्यंत सहाशे होतील. कसं जमवलं तरी सव्वासहाशे."

मला हिशोब कळला. मी वर बोट दाखवलं. "लॅबमध्ये तीस मशीन आहेत."

"आहेत."

"तुम्ही आणलेली."

"हां."

तीस मशीनवर वाटून दिली असती तर उरलेली चित्रं तासाभरात निघाली असती. परबांनी झाकण लावलं, हात पुसले आणि जिना चढायला लागले. वर्षभरात ते पहिल्यांदा त्या मजल्यावर जात होते. मी मागोमाग गेले.

शिंदे उठून उभा राहिला. सगळं ऐकून घेतलं. त्याचा चेहरा पडला. "परब सर, तुमच्यासाठी कधीपण. पण प्राचार्य सर पुण्याला गेलेत आणि..." त्याने दाराकडे पाहिलं. बोट दाखवायची त्याला लाज वाटली असावी.

दारावर एक सूचना चिकटवलेली होती. जुनी, प्लास्टिकच्या कव्हरमध्ये घातलेली, परबांच्या सुवाच्य अक्षरात. 'खाजगी कामासाठी लॅब मिळणार नाही. कुणालाही नाही.' शेवटच्या दोन शब्दांखाली दोन रेघा.

परबांनी ती वरपासून खालपर्यंत वाचली. जणू दुसऱ्या कुणी लिहिली आहे आणि त्यात शुद्धलेखनाच्या चुका शोधायच्या आहेत.

"अहो, एक दिवस काय बिघडतंय?" मी शिंदेला म्हटलं. "मी सांगते प्राचार्यांना. फोन लावते."

"मॅडम, नको," परब म्हणाले. शिंदेच्या खांद्यावर त्यांनी हात ठेवला. "बरोबर आहे तुझं. मी असतो तर मीपण दिली नसती."

हे ते अभिमानाने म्हणाले असते तर मला त्यांचा राग आला असता. पण त्यांचा आवाज दहाव्या डब्याच्या वेळी गेला होता त्याहून खाली गेला होता. त्यांनी अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि घरी गेले. मला वाटलं, जाऊन काही तरी युक्ती करतील. युक्ती नव्हती. वहिनींनी नंतर सांगितलं, ते येऊन मुलीच्या शेजारी स्टूल घेऊन बसले आणि प्रोसेसर तापू नये म्हणून डबा उघडून पुठ्ठ्याने वारा घालत राहिले. पाच वाजता तन्वीने जेवढं होतं तेवढं पाठवलं. सहाशे तीस चित्रं. कॅन अर्ध्या पायऱ्यांवर, माणसं नुकती धावायला लागलेली, आणि फिल्म संपली.

तिचं नाव यादीत आलं नाही.

यादी लागली त्याच्या दुसऱ्या दिवशी मी झेरॉक्सला गेले. मी मूळ कागद पुढे केला. परबच बोलले, मशीनकडे बघत. "मॅडम, ती ओरडली नाय. रडली पण नाय. एवढंच म्हणाली, बाबा, तू मला गेल्या आठ दिवसांत काय केलं ते विचारलंस. पुढे काय करायचंय ते विचारलंच नाहीस."

मशीनमधून कागद बाहेर पडत होते.

"मी म्हटलं, चूक झाली. दुसरं काय म्हणणार?" त्यांनी गठ्ठा हातात घेतला, कडा टेबलावर आपटून सारख्या केल्या. "किती प्रती सांगितल्यात?"

"साठ."

"साठच आहेत. मोजून घ्या."

त्यानंतर परबांनी सल्ला देणं बंद केलं. लोक जिन्याखाली यायचे, ते म्हणायचे, "दुकानात विचारा." लोकांना आधी धक्का बसला, मग फार आनंद झाला. वही लिहायची कटकट गेली. त्या वर्षी आमच्या कॉलेजात सात आणि नऊ नंबरच्या प्रोसेसरांची लाट आली. उपप्राचार्यांनी काचेच्या डब्यातला, आत सहा रंगांचे पंखे फिरणारा कॉम्प्युटर घेतला आणि त्याच्यावर ते सकाळी सुविचार पाठवू लागले. फार वेगाने जायचे सुविचार. मी परबांना सांगायला गेले, वाटलं निदान यावर तरी काही बोलतील. ते म्हणाले, "चांगलं झालं. खूश आहेत ना?" मला त्यांच्या तोंडून असं सरळ वाक्य ऐकायची सवय नव्हती. फार वाईट वाटलं.

तन्वीने साकीनाक्याला एका छोट्या ॲनिमेशन स्टुडिओत नोकरी धरली. खाली पुठ्ठ्याची खोकी बनवायचा कारखाना, वर दहा-बारा मुलं लहान मुलांच्या गाण्यांचे व्हिडिओ करतात. नाचणारे हत्ती, बोलणारी वांगी. तन्वीकडे वांग्यांच्या मागची झाडं होती. घरी बाप-लेकीत भांडण असं नव्हतं. जेवायला एकत्र बसायचे, वहिनींच्या घावन्यांबद्दल बोलायचे. फक्त कॉम्प्युटरचा विषय निघत नव्हता, आणि त्या घरात तो विषय काढून टाकला तर बोलायला फारसं उरत नव्हतं.

परब निवृत्त झाले तेव्हा रीतसर समारंभ झाला. शाल, नारळ, आणि अध्यक्षांचं भाषण. परब म्हणजे संस्थेच्या संगणक विभागाचा कणा, असं अध्यक्ष म्हणाले. कणा तीन-चार वर्षं जिन्याखाली का ठेवला होता, हे त्यांनी सांगितलं नाही आणि कुणी विचारलं नाही. परबांना दोन शब्द बोलायची विनंती झाली. ते उठले, शाल नीट केली आणि म्हणाले, "झेरॉक्सचं टोनर संपत आलंय. परीक्षेच्या आधी मागवा." आणि बसले. टाळ्या झाल्या. टोनर परीक्षेच्या आदल्या दिवशी संपलं.

निवृत्तीनंतर ते गावाला घर दुरुस्त करून तिकडे राहायला जाणार असं ऐकलं होतं. पुढे गेलेही. पण जाण्याआधी मला ते एकदा दिसले.

शनिवारची दुपार होती. मी घाटकोपरला बाजारातल्या एका कॉम्प्युटरच्या दुकानात माऊस घ्यायला गेले होते. काउंटरवर एक मुलगी दुकानदाराशी बोलत होती. आधी आवाज ओळखीचा वाटला, मग पाठीमागे कापडी पिशवी धरून उभे असलेले परब दिसले. पंख्यांची खोकी लावलेली भिंत ते लक्षपूर्वक बघत होते. मी हाक मारणार होते, पण थांबले.

तन्वी स्वतःच्या कमाईतून स्वतःचा कॉम्प्युटर जोडणार होती. कुठला प्रोसेसर, कितव्या पिढीचा, सील कसं हवं, ती भराभर सांगत होती. दुकानदार कच्छी, परबांना वीस वर्षं ओळखणारा. त्याने तिच्या डोक्यावरून मागे पाहिलं.

"परबसाहेब, तुम्ही तरी सांगा ना पोरीला. घरच्या कामाला एवढा मोठा कशाला? याच्या निम्म्यात काम होईल. तुम्हीच सांगता ना सगळ्यांना."

तन्वीची मान किंचित ताठ झाली. तिने मागे वळून पाहिलं नाही.

परबांनी पंख्यांवरची नजर काढली. "माका कित्याक विचारतस?" ते म्हणाले. "काय करायचंय ते तिला माहीत आहे. तिला विचार. मी हमाल आहे इथे."

दुकानदाराने खांदे उडवले आणि आतून खोकं आणलं. तन्वीने सील बघितलं, आकडा वाचला, पुन्हा एकदा वाचला, आणि खोकं मागे बापाच्या हातात दिलं. परबांनी ते घेतलं. चष्मा वर करून त्यांनीही आकडा वाचला. मला वाटलं, आता काही तरी म्हणतील. ते म्हणाले, "झकास."

मी दुकानातच थांबले. ती दोघं बाहेर पडली. रिक्षा आली, कॅबिनेटचं मोठं खोकं आत सरकवलं, त्याच्या बाजूला तन्वी कशीबशी बसली, आणि उरलेल्या टीचभर जागेत परब, मांडीवर प्रोसेसरचं खोकं घेऊन. बंद खोक्यातल्या, प्लास्टिकच्या साच्यात पक्क्या बसलेल्या प्रोसेसरला खड्ड्यांनी काही होत नाही, हे परबांइतकं त्या अख्ख्या बाजारात कुणाला ठाऊक नसेल.

रिक्षा एलबीएस रोडकडे वळली आणि पहिल्याच खड्ड्यात आदळली. परबांनी दोन्ही हातांनी ते खोकं छातीशी उचलून धरलं, त्यामुळे धरायला हात राहिला नाही आणि त्यांचं डोकं टपाच्या दांडीवर आपटलं.

"बाबा, डोकं सांभाळ!" तन्वीचा आवाज आला, आणि त्यामागून तिचं हसू.

पुढे दुसरा खड्डा होता. परबांनी खोकं आणखी वर उचललं.